पोरं घेऊन निघालीस, तर हे ऐक

हे बघ, आधी एक गोष्ट मान्य कर, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. परदेशी जाऊन शिकायचं स्वप्न तुझं आहे, मुलांचं नाही. गेले कित्येक दिवस तू भेटेल त्याला सांगतेयस, "मुलांना जग बघायला मिळेल, इंग्रजी सुधारेल." मिळेल गं, सुधारेलही. पण तू चाललीयस ती त्यासाठी नाही. २०२० साली आपल्या भागात टोमॅटोवर 'तिरंगा' आला, तोडणीला आलेली फळं कुठं लाल, कुठं पिवळी, कुठं हिरवी निघाली आणि माणसांनी उभे प्लॉट सोडून दिले. तेव्हापासून तुझ्या डोक्यात त्या विषाणूंनी घर केलंय. बांधावर उभी राहून शेतकऱ्याला सल्ला देतेस आणि घरी येऊन चिडचिड करतेस, "मला हे मुळापासून शिकायला हवं होतं." एवढं कारण पुरे आहे. त्याला मुलांच्या भल्याचं वेष्टण कशाला गुंडाळतेस? उद्या तिकडे थोरला शाळेत रडत बसला, तर तू स्वतःलाच दोष देत बसशील, कारण हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय असं तूच गावभर सांगितलेलं असेल. त्याला सरळ सांग, "आईला शिकायचंय, म्हणून आपण काही दिवस तिकडे राहणार आणि परत येणार." मुलांना खरं कारण कळलं की ती निम्मी शांत होतात. खोटं कारण त्यांना बरोबर ओळखू येतं.

आता तुझ्या सासूबाईंचा प्रश्न. "आजवर कुठली बाई लेकरं घेऊन शिकायला परदेशी गेलीय?" त्यांना सांग, १८८३ साली गेली होती, आणि आपल्या पुण्यातूनच. पंडिता रमाबाई. नवरा वर्षभरापूर्वीच वारलेला, लेक मनोरमा अवघी दोन वर्षांची आणि बाईंना व्हायचं होतं डॉक्टर. प्रवासाचे पैसे कुठून उभे केले माहितीये? 'स्त्रीधर्मनीती' नावाचं पुस्तक लिहिलं होतं, त्याच्या विक्रीतून. ना शिष्यवृत्तीचा फॉर्म, ना व्हिसाचा एजंट, ना रोज रात्री मोबाइलवर आईचा चेहरा बघायची सोय. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या ज्या ख्रिस्ती भगिनी होत्या, त्यांचं पुण्यातही काम होतं. त्यातून ओळख झाली आणि व्यवहार ठरला तो मला फार आवडतो. हिंदुस्थानात यायच्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि त्याबदल्यात मायलेकींनी तिथं राहायचं, इंग्रजी शिकायचं. फुकटचं उपकाराचं खाणं नाही. आपल्याकडे जे आहे ते द्यायचं आणि हवं ते घ्यायचं.

पुढचं मात्र सगळं सरळ झालं नाही, तेही ऐकून ठेव. रमाबाईंना कमी ऐकू यायचं, ते वाढत गेलं आणि डॉक्टर होणं राहिलं. मग त्यांनी शिक्षणाचा रस्ता धरला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या, तिथं शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. पण त्या चेल्टनहॅमला आणि मनो वाँटेजला, भगिनींकडे. सिस्टर जेराल्डिन तिला जीव लावायच्या, मनो त्यांना 'आजीबाई' म्हणायची. प्रेमाची कमतरता नव्हती गं. अडचण अशी झाली की जो मूल सांभाळतो, त्याला वाटायला लागतं की मूल घडवायचा हक्कही आपलाच. मनोला काय शिकवायचं, धर्माचं काय सांगायचं, यावरून रमाबाई आणि भगिनी यांच्यात पत्रांतून खटके उडाले. ती पत्रं १९७७ साली पुस्तकरूपानं छापली गेलीत. वाच कधी तरी. एवढी विदुषी बाई, पण तिथं ती आधी आई आहे, आणि आपल्या लेकीबद्दलचा शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाला द्यायला अजिबात तयार नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी ती मनोला घेऊन अमेरिकेला गेली, तर तिथंही तेच. कामाचा व्याप वाढला आणि चिमुरडीला पुन्हा इंग्लंडला धाडावं लागलं.

म्हणून मला तुला सगळ्यात आधी जे विचारायचंय ते पैशाचं नाही, थंडीचं नाही, इंग्रजीचंही नाही. शाळा सुटल्यापासून तू प्रयोगशाळेतून घरी येईपर्यंत तुझी मुलं कुणाजवळ असणार? याचं उत्तर तुझ्याकडे आज आहे का? सगळं कर, पण या प्रश्नाला 'बघू तिकडे गेल्यावर' म्हणू नकोस. मुलं घेऊन हॉलंडला गेले तेव्हा मी तसंच म्हटलं होतं, म्हणून सांगतेय. तिथं शाळा सुटल्यानंतर मुलं सांभाळायच्या चांगल्या सोयी असतात, नाही असं नाही. पण त्यांचे तासाचे दर ऐकून मला आपल्या द्राक्षाच्या छाटणीची मजुरी स्वस्त वाटायला लागली, आणि त्यातही प्रतीक्षायादी. त्यात बुधवारी बऱ्याच शाळा दुपारीच सुटतात. प्रयोगातलं रोप काही बुधवार बघून मान टाकत नाही.

उपाय सांगते. पहिला म्हणजे दाजी. त्यांना यायचंय की नाही, हे एकदा स्पष्ट विचार. 'तुझी इच्छा' असं म्हणणं म्हणजे होकार नव्हे. शेती कुणाकडे द्यायची, किती दिवस, कोणत्या हंगामात ते तिकडे असतील, सगळं वहीत मांडा. दुसरा उपाय म्हणजे तुझी आई आणि सासूबाई. पण युरोपच्या शेंगेन व्हिसावर आलेल्या पाहुण्याला दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणजे तुझी आई वर्षभर तिकडे राहील हे स्वप्न सोड. पण बघ, ही मोजणी माणशी असते. आधी तुझ्या आईचे नव्वद दिवस आणि त्या परतल्या की सासूबाईंचे नव्वद. दोघी एकाच वेळी नको गं बाई, तिथली स्वयंपाकघरं लहान असतात. दोघींचा प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, तो काढायचा आणि रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसकट बरोबर द्यायच्या.

तिसरा उपाय मी सगळ्यात उशिरा शिकले. शेजारीण. आनंदीबाई जोशी एकट्या गेल्या खऱ्या, पण तिकडे त्यांना न्यू जर्सीत कार्पेंटर मावशी मिळाल्या, आणि त्या मावशी होत्या म्हणून ती कोवळी पोर त्या परमुलखात उभी राहू शकली. तुलाही एक मावशी हवी. ती मराठीच हवी असं नाही. माझी इंडोनेशियाची होती, मुलगी माझ्या धाकटीच्या वर्गात. एक दिवस ती दोघींना आणायची, एक दिवस मी. पहिल्या महिन्यातच शाळेच्या फाटकाशी उभं राहून ओळखी कर. लाजू नकोस. फक्त एक लक्षात ठेव, तिथं न कळवता कुणाच्या दारात जायचं नसतं. मी आपली पहिल्याच आठवड्यात पेढ्यांचा डबा घेऊन वर्गशिक्षिकेला भेटायला गेले, तर त्या बिचाऱ्या माझ्याकडे आणि डब्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. भेटीची वेळ मागून घे, मग खुशाल पेढे ने.

रमाबाईंच्या गोष्टीतलं आणखी एक सांगायचं आहे, जरा जड आहे. त्यांच्याबरोबर सोबतीला आनंदीबाई भगत नावाच्या बाई गेल्या होत्या. वाँटेजला पोचल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी आत्महत्या केली. परक्या देशात माणसाच्या मनाचं काय होऊ शकतं, ते हलक्यात घेऊ नकोस. डिसेंबरात तिकडे दुपारी साडेचारलाच अंधारून येतं, मुलं घरात, बाहेर पाऊस, आणि तुला वाटतं की आपण सगळ्यांचं वाटोळं केलं. असं वाटलं तर ते कुणाला तरी त्याच दिवशी सांग. विद्यापीठात विद्यार्थ्यांशी बोलायला समुपदेशक असतात, ती सोय तुझ्या हक्काची आहे. मला सांग, दाजींना सांग. गावी सगळं छान चाललंय असं दाखवायच्या नादात गप्प बसू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

आता देशाचं. तू इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, अमेरिका, सगळीकडे अर्ज टाकून बसलीस आणि रँकिंग बघतेयस. रँकिंगच्या आधी एकच बघ, तिथं मुलांना बरोबर नेता येतं का? इंग्लंडनं १ जानेवारी २०२४ पासून नियम बदललाय. नुसत्या शिकवणीच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना आता नवरा-बायको, मुलं नेता येत नाहीत. पीएच.डी. किंवा तत्सम संशोधनाचा अभ्यासक्रम असेल किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल, तरच. हे माहीत नसल्यानं कितीतरी बाया फी भरून बसल्या. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या मुलांना सरकारी शाळेत जाता येतं, पण तुझ्या एफ-वन या विद्यार्थी व्हिसाच्या जोडीनं गेलेल्या दाजींना तिथं काम करता येणार नाही. शेतीची माणसं बिनकामाची बसली की काय होतं, ते तुला माहितीये. त्यांच्या हाताला काही तरी उद्योग शोधून ठेव. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस. शिष्यवृत्ती नसेल तर एकट्या विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांच्या आसपास, आणि मुलांचं त्यावर आणखी. मात्र तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात मुलं जादा हप्त्याशिवाय बसतात, आणि डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर कुटुंबासाठी भत्ताही मिळू शकतो. त्याची चौकशी अर्ज करतानाच करायची, नंतर नाही.

मला विचारशील तर तुझ्यासाठी हॉलंडमधलं वागेनिंगेन विद्यापीठ. मी राहिलेय म्हणून म्हणत नाही. तिथं सँडविच पीएच.डी. नावाचा प्रकार आहे. सुरुवातीचे काही महिने तिकडे, मधली वर्षं आपल्याच शिवारात प्रयोग आणि शेवटी पुन्हा काही महिने तिकडे, प्रबंध पुरा करायला. टोमॅटो तर इथंच आहे ना! नारायणगावच्या बाजारात रोज क्रेटच्या क्रेट उतरतात, त्यातलं रोगट फळ हॉलंडला कुठं मिळणार? शिवाय मुलांची मुळं इथून पुरती उपटावी लागत नाहीत. एकदम चार वर्षं बाहेर आणि दोनदा काही महिने बाहेर, यात मुलांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि पैशाचा हिशोब करताना कृपा करून २०२३चा जुलै डोळ्यांपुढं ठेवू नकोस. त्या महिन्यात क्रेटला दोन हजारांच्या पुढं भाव गेला म्हणून दाजी अजून मिशीला पीळ देतात. त्याच टोमॅटोला रस्त्यावर ओतून दिल्याची वर्षं मी तुला मोजून दाखवीन. वाईटात वाईट वर्षाचा भाव धर, त्यावर जमलं तर जा.

गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. "परक्या देशात लेकरं एकटी शाळेत पाठवणार?" असं विचारतात ना? विचारणारे कोण, तर जुन्नर-आंबेगावची माणसं, जिथं उसाच्या कडेनं पोरं शाळेत जाताना मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून जातात, कारण बिबट्या. तिकडे बिबट्या नाही म्हणावं. सायकली आहेत, त्यांना मात्र जपायला लागतं. माझं विचारशील तर मी उतारावर ब्रेकऐवजी पाय टेकवून थांबायची आणि मागची अख्खी रांग थांबवायची. पोरं महिन्याभरात माझ्यापुढं निघून गेली आणि वळून म्हणायला लागली, "आई, हात दाखव वळताना!"

बरं, आपल्या इथं खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेत. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस. जगभरातले शास्त्रज्ञ तिथं कामाला येतात. त्यातल्या एकाही पुरुषाला कुणी विचारलंय का, "मुलं कुठं ठेवून आलात?" जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून लहान लेकींना घेऊन भारतात परतले, सगळ्यांनी कौतुक केलं, करायलाच हवं होतं. पण मंगलाताई नारळीकर स्वतः गणिती. घर आणि लेकी सांभाळत त्यांची पीएच.डी. झाली ती १९८१ साली. हे किती जणांना ठाऊक आहे? १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा यशवंत वर्षाचाही नव्हता. ते जाऊ शकले, कारण मागे पत्नी रमाईंनी हाल सोसून घर धरून ठेवलं. पंडिता रमाबाईंच्या मागे अशी रमाई नव्हती, हाच काय तो फरक. तुझ्या मागे कोण आहे, ते तू आणि दाजींनी मिळून ठरवायचंय. ते मागे राहून शेती धरून ठेवणार असतील तर तीही मोठीच मदत आहे. त्यांचा मान ठेव, पण जन्मभर त्याचं ओझं वाहू नकोस.

कागदपत्रांचं सांगते आता, इथं माणसं रडकुंडीला येतात. जन्मदाखला जिथं बाळंतपण झालं त्या हद्दीतून मिळतो, तू राहतेस तिथून नव्हे. आपल्याकडे नारायणगाव आणि वारूळवाडी एकमेकांना इतकी चिकटलेली की हॉस्पिटल नेमकं कोणत्या ग्रामपंचायतीत येतं, याचा घोळ ठरलेला. आधी ते विचार. दाखल्यावर मुलाचं नाव आहे ना बघ. कित्येक जुन्या दाखल्यांवर नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर, आधारवर, तुझ्या पासपोर्टवर आणि दाजींच्या पासपोर्टवर, चारी ठिकाणी एक अक्षरसुद्धा वेगळं नको. माझ्या धाकटीच्या नावात एका कार्यालयानं एक जादा 'ए' घातला होता. तो 'ए' काढता काढता माझा अर्धा उन्हाळा गेला आणि आमरस इतरांनी खाल्ला.

मग मुलांचे पासपोर्ट. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, अर्जाबरोबर आई-बाप दोघांच्या सहीचं 'ॲनेक्शर डी' जोडायचं. पुण्यात मुंढव्याच्या केंद्रात जायचं असेल तर पहाटे निघ. चाकणच्या ट्रॅफिकवर विश्वास ठेवायचा नसतो. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला यांवर मंत्रालयातून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल. हॉलंडला ते लागतं, जर्मनीची रीत वेगळी आहे, तिथं त्यांच्या वकिलातीच्या सूचना वाचून चालायचं. दाजी मागे राहणार असतील तर मुलांना एकटी घेऊन जायला त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्रही बरोबर ठेव. विमानतळावर कुणी विचारलं तर तुझी तारांबळ नको.

लसीकरणाचं कार्ड विसरू नकोस, ते पिवळं-गुलाबी फाटकं कार्ड तिकडे सोन्यासारखं असतं. आणि दातांचं काम इथंच उरक. तिकडे डॉक्टर फार शहाणे, पण ताप आला म्हणून फोन केला की बहुतेक वेळा म्हणतात, पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा. आपल्याला सवय असते इंजेक्शन टोचून घेऊन समाधानानं घरी यायची. पहिल्यांदा मी चिडले होते. नंतर कळलं, मुलं वाट बघूनही बरी होतात.

शाळेची तुला सगळ्यात जास्त काळजी आहे ना? बघ, हॉलंडमध्ये मुलं चौथ्या वर्षी शाळेत जायला लागतात आणि पाचव्या वर्षापासून ते सक्तीचंच. भाषा येत नाही म्हणून शाळा नाही, असं होत नाही. नवीन आलेल्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी भाषेचे वेगळे वर्ग असतात. पहिले काही आठवडे तुझं पोरगं मुकं होईल. घाबरू नकोस. ते ऐकत असतं. मग एक दिवस भांडण होतं आणि त्या भांडणात त्याला पहिलं वाक्य फुटतं. डब्यात पोळी-भाजी दिलीस तर खाईल की नाही सांगता येत नाही, कारण शेजारचं मूल पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे पेरून खात असतं, आणि ते तिथं आईबापांना मान्य असतं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या आजीची शपथ, मला वाटलं त्या मुलाची आई आजारी असावी.

पोहणं मात्र इथूनच शिकवून ने. सगळा देश कालव्यांचा, तिथल्या मुलांना लहानपणीच पोहण्याची ए, बी, सी अशी प्रमाणपत्रं मिळवायला पाठवतात. आपल्या मीना नदीला उन्हाळ्यात पाणी असतंच असं नाही, पण विहिरी आहेत की. दाजींना लाव कामाला.

परत यायचं, हे जाण्याइतकंच नीट ठरव. बहुतेक जणी जाण्याची यादी करतात, येण्याची करत नाहीत. थोरला चौथीत आहे, म्हणजे नवोदयची परीक्षा पुढं दिसतेय. ती पाचवीत असतानाच आणि आपल्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असतानाच देता येते. तुझ्या डोक्यात नवोदय असेल तर पहिला मुक्काम त्याभोवती बसव, नसेल तर तो विचार सोडून दे, पण दोन्हीकडे पाय ठेवू नकोस. आणि नववी-दहावीत मुलांना उचलून नेऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात मित्र तुटले की मुलं आतून कडू होतात आणि बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते.

त्याच्या आधी नेलीस तर परत आल्यावर शाळेचं फारसं भय नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात घ्यावंच लागतं, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी जाताना इथला शाळा सोडल्याचा दाखला आणि येताना तिकडचं प्रगतिपुस्तक, दोन्ही फाइलला लाव. हेडमास्तरांना जाण्यापूर्वी भेटून सांग, "आम्ही परत येणार आहोत." जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी अशा वेळी फार आधार देतात, माझा अनुभव आहे. त्यांनी माझ्या थोरल्याला तिकडून वर्गाला पत्रं लिहायला सांगितलं होतं. पोरानं निम्मी लिहिली, बाकीच्यांत चित्रं काढली, पण त्यातून मराठी लिहिणं टिकलं.

मराठीचं मनावर घे हं. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, त्यामुळं परत आल्यावर सुटका नाहीच. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, 'किशोर'चे जुने अंकही. १९७१ पासूनचं मासिक आहे ते, आपण वाचलं तेच. रोज रात्री दोन पानं मोठ्यानं वाच. शुद्धलेखनाच्या मागे लागू नकोस, कानावर पडू दे. धाकटीचं बोलणं मात्र बदलेल. माझी एकदा आजीला फोनवर म्हणाली, "आजी, मी आता सायकल हाकते." आजी इकडे खूश, म्हणे बैलगाडी हाकल्यासारखं बोलते पोर!

सामानाचं फार डोक्याला लावून घेऊ नकोस. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, मासवडीला लागणारे तीळ आणि सुकं खोबरं, एवढं पुरे. डाळ-तांदूळ-कणीक सगळीकडे मिळतं. मी तीन किलोचा पोळपाट विमानातून वाहून नेला आणि लाटणं इथं ओट्यावर ठेवून गेले. कितीतरी दिवस ऑलिव्ह तेलाच्या बाटलीनं पोळ्या लाटल्या, आणि धाकटीला अजूनही वाटतं की पोळी बाटलीनंच लाटायची असते.

मनोरमेचं पुढं काय झालं, हे विचारशीलच. ती मोठी झाली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, स्वतः अमेरिकेत जाऊन शिकून आली आणि दौंडजवळच्या केडगावात आईच्या मुक्ती मिशनचं काम खांद्यावर घेतलं. १९२१ साली ती गेली, आणि वर्षभराच्या आतच रमाबाई. त्या धावपळीच्या लहानपणानं मनोचं नुकसान झालं की भलं, हे मी ठरवणार नाही. तिनं आईचंच काम निवडलं, एवढं मात्र सगळ्यांना दिसतं. आणि रमाबाईंनी १८८९ साली परत येऊन महिन्या-दोन महिन्यांत मुंबईत शारदा सदन उघडलं. डॉक्टर होऊन आल्या नाहीत, पण ज्यासाठी गेल्या ते पुरतं विसरूनही आल्या नाहीत.

तर आता ऊठ. दोन्ही मुलांच्या जन्मदाखल्यांचे फोटो काढून आज संध्याकाळपर्यंत मला पाठव, स्पेलिंग मी तपासते. वागेनिंगेनच्या प्राध्यापिकेला लिहायच्या मेलमध्ये मुलांचा उल्लेख पहिल्याच वेळी कर, लपवू नकोस. विचारायचं असेल ते सरळ विचार, तिकडे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. दाजींबरोबर वही घेऊन रविवारी बस. आणि सासूबाईंना नव्वद दिवसांचं इतक्यात बोलू नकोस. ते मी येऊन सांगते, त्यांनी मासवडी-रस्सा केला असेल त्या दिवशी.